लोखंडी विमानाची पोथी

वहिनी, त्या विमानाला पाणी कुठून मिळत होतं, हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही. नांदेडच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना, तू मला परत तेच विचारलंस. मी म्हणाले, अगं, गोष्ट आहे ती, त्यात रक्त पिणारा माणूस चालतो तुला आणि बिनपाण्याचं इंजिन चालत नाही? तू हात झटकायला गेलीस, पण त्याच हाताला सलाईन होतं. "रक्त पिणारे असतेत," म्हणालीस. "बिनपाण्याचं इंजिन नसतंय." शेजारच्या खाटेवरची बाई वळून आपल्याकडं बघायला लागली.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. भेटायला येणारी प्रत्येक बाई तुझ्यासाठी एकच शब्द काढते, सोशिक. लय सोशिक होती हो. मी मान हलवते, चहा ठेवते. आतून मात्र मला ओरडून सांगावंसं वाटतं की बायांनो, ती कसली सोशिक! ती पक्की इरसाल होती. श्रावणातल्या पोथीच्या नावाखाली तिनं तुमच्याच आया-सासवांना रक्तपिपासूंची कादंबरी ऐकवली, आणि त्यांनी हात जोडून ऐकली. पण हे मी कुणाला सांगू? धड ठाऊक होतं ते तुला आणि मला, आणि आता तू गेलीस. जिंतूरच्या या घरात माझ्याशी बोलणारे पुष्कळ आहेत, पण या गोष्टीपुरती मी एकटी पडले आहे.

दादा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला तो वैशाख. तुमच्या लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. आपल्या घराण्याची रीत अशी, की नवरा गेलेल्या बाईनं वर्षभर कोपरा धरायचा. मधल्या घरात, ज्वारीच्या कणगीमागं, पोतं अंथरून तुला बसवलं. पहाटे अंधारात परसाकडं जाऊन यायचं, तेवढंच तुझं बाहेर. जेवण तिथंच. कुणी बाया भेटायला आल्या की कणगीच्या आडून वाकून तुझ्याकडं बघायच्या, चकचक करायच्या आणि निघून जायच्या. माळवदाच्या मातीच्या छताला उजेडासाठी भोक असतं ना, सानं, त्याचा उजेड तुझ्यापासून हातभर पुढं पडायचा. पाऊस आला की वरून त्यावर घमेलं पालथं घालायचे आणि तोही जायचा.

मी तेव्हा परभणीला मावशीकडं राहून कॉलेजला होते. ते विद्यापीठाच्या नामांतराचं पहिलं साल. आंदोलन पेटलं, कॉलेज बंद झालं, अण्णा येऊन मला घरी घेऊन आले. घरी म्हणजे पिंगळी स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवरचं आपलं गाव. आजूबाजूच्या गावांतून दलितवस्त्या जाळल्याच्या बातम्या यायच्या. पुरुष माणसं ओसरीवर दबक्या आवाजात बोलायची आणि आम्ही पाणी घेऊन गेलो की गप्प व्हायची. शेतात आपल्याकडं कामाला येणारी कोंडाबाई दिसेनाशी झाली होती. ती कुठं आहे, हे अख्ख्या घरात कुणी विचारलं नाही. कणगीमागून तू विचारलंस. माय म्हणाली, "गेली आसंल लेकीकडं," आणि पीठ चाळत राहिली. मला बाहेर पडायची बंदी, तुला उठायची बंदी. पिंगळीच्या गाड्याही कधी यायच्या, कधी वाटेतच अडायच्या. शिट्टी ऐकू आली नाही की तू म्हणायचीस, "आज पूर्णा बंद." पूर्णेच्या लोकोशेडमधल्या, इंजिनात कोळसा घालणाऱ्या फायरमनची लेक तू, घड्याळापेक्षा शिट्टीवर तुझा भरवसा.

माझ्या पिशवीत फक्त एक पुस्तक आलं होतं. परभणीला स्टेशनच्या रस्त्यावर भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान होतं, तिथलं. त्याला कव्हर नव्हतं, पुढची पानं नव्हती, त्यामुळं नावही नव्हतं आणि लेखकही नव्हता. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकावरून कुणीतरी बेतलेलं असावं. पण काय पुस्तक होतं, वहिनी! आजही मला त्याची भूक लागते. बर्फाच्या डोंगरांवरून उडणारं एक भलंमोठं लोखंडी विमान, त्याच्या पोटात भट्टी, भट्टीवर बॉयलर, सगळीकडं तांब्याच्या नळ्या आणि पितळी दात्यांची चाकं. विमानाची कप्तान एक तरुण बाई, लिझा. तिचा डावा हात कोपरापासून पितळेचा, वाफेवर चालणारा. मूठ वळायची तर आधी मनगटाची चावी फिरवून वाफ सोडावी लागायची. आणि विमान आकाशात गेल्यावर कळतं की उतारूंपैकी एक जण माणूस नाही. रोज सकाळी कुणीतरी पांढरंफटक होऊन मेलेलं सापडतं, मानेवर दोन टोचे. खाली उतरावं तर त्या जनावराला अख्खं जग मोकळं मिळणार. म्हणून लिझा ठरवते की गुन्हेगार सापडेपर्यंत विमान उतरवायचं नाही. सगळे वर अडकलेले.

मी तुला ते हळू आवाजात वाचून दाखवायला लागले. भिंतीला टेकून, मांडीवर पुस्तक, पाय सान्याच्या उजेडात. तू इतके दिवस एखाद्या वाक्यापलीकडं कुणाशी बोलली नव्हतीस. रडलीही नव्हतीस, त्याची सगळ्यांना जास्त काळजी. मी लिझाच्या हाताचं वाचलं आणि तू कणगीमागून म्हणालीस, "तिच्या हाताला बॉयलर कुठाय मग? वाफ काय खिशात ठिवती का?" एवढ्या दिवसांनी तू मनापासून बोललीस ते हे. मी हसले, मग तूही हसलीस, आणि आपण दोघी एवढ्या घाबरलो की पदर तोंडात कोंबला. विधवा सून हसते आहे हे बाहेर कळलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे.

कळलंच ते. माय दारात उभी होती. "काय वाचायलीस गं?" तिनं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पोथी." मायला अक्षरओळख नव्हती. श्रावण लागला होता, पण घरात वर्षाच्या आतलं दुःख, म्हणून यंदा पोथी बसवायची नाही असं ठरलं होतं. तिला ते लागलं होतं. ती म्हणाली, "सण नको. पण देवाचं नाव कानावर पडू दे की. वाच." आणि ती समोर बसली, वाती वळायला घेतल्या. मी तुझ्याकडं पाहिलं. तू कणगीच्या कडेनं एक डोळा मिचकावलास. त्या क्षणापासून लिझाची रूपमती झाली, व्हँपायर झाला रक्तशोषक, आणि बर्फाचा डोंगर म्हणजे हिमालय हे तर सांगावंच लागलं नाही.

आपल्याला वाटलं होतं माय पाचव्या मिनिटाला पकडेल. पण तिला त्यात खटकण्यासारखं काय होतं? विमानं पोथ्यांत असतात. रक्त पिणारे असतात. अग्नी, पाणी, धूर, शापाचा हात, सगळं असतं. दोन दिवसांनी तिनं पोथीला लाल फडकं शिवलं, खाली पाट आला, वर फूल आलं. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारची मथुराकाकू आली, मग तिच्या दोघी जावा, मग गल्लीतल्या चार जणी. सगळ्या आपापल्या घरात कोंडलेल्या, बाहेर काय चाललंय ते धड कुणी सांगत नाही, आणि इथं रोज दुपारी एक मुडदा पडतोय! त्यांचे तर्क ऐकताना तू कणगीमागं पोट धरून बसायचीस.

"तो वैद्यच हाय," मथुराकाकूची धाकटी जाऊ म्हणायची. "रातचा भाईर फिरतोय."

"वैद्य न्हाई," मथुराकाकू म्हणायच्या. "ती श्रीमंत म्हातारी बगा. पंगतीला बसती, पन जेवत न्हाई. मी ध्यान देऊन ऐकायले."

आणि माय, जिनं जन्मात कुठल्या गोष्टीचा शेवट विचारला नव्हता, ती मी पुस्तक मिटलं की चिडायची. "आता ती रूपमती उद्यापर्यंत तशीच लटकत ऱ्हाईल का? वाच की पानभर." तिचा मुलगा जाऊन तीन महिने झाले होते. मी तिला त्या दुपारांखेरीज इतर वेळी कधी मान वर करून बसलेली पाहिली नाही.

एक गोष्ट मात्र त्या सगळ्यांना फार भिडली. रक्तशोषकाला आतल्या माणसानं बोलावल्याशिवाय खोलीत पाऊल टाकता येत नाही. उंबऱ्यावरच तिष्ठतो. बाया माना डोलवायच्या, बरोबर हाय, उंबऱ्याला मान असतोच. सगळ्या गेल्यावर तू मला म्हणालीस, "बिचाऱ्याला रीतभात तरी हाय. इतं बगायला येनाऱ्या बाया न इचारताच घुसतेत."

मग तुझे वडील आले. पूर्णेहून, आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले होते, तरी नखांत कोळसा होता. ओसरीवर अण्णांसमोर बसले. तू आणि मी आतून ऐकत होतो.

"पावनं," ते म्हणाले, "पोरीला नर्सिंगला जागा मिळायली. म्याट्रिक पास हाय ती. श्रावण सरायच्या आत हजर व्हावं लागतंय."

"वर्ष होऊ द्या की," अण्णा म्हणाले. "रीत हाय."

"पुढल्या साली वय बसत न्हाई तिचं."

अण्णांनी नेहमीसारखं अंग काढून घेतलं. "आतलं आतल्या मानसाला इचारा."

माय दाराआड उभी होती. तिथूनच बोलली, "इचारायचं काय त्यात? वर्षाच्या आत हिनं उंबरा वलांडला तर घरात आनिक मरन येतंय. माझ्या सासूनं डोळ्यानं बघितलेलं हाय. एक लेकरू दिलं म्या. आता आनिक न्हाई द्यायचं मला."

मायच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं गं. ती दुष्ट नव्हती, ती भ्यालेली होती, आणि भ्यालेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. तुझे वडील पाणी पिऊन उठले. जाताना मधल्या घराच्या दारापर्यंत आले, आत नाही आले, तिथूनच म्हणाले, "येतो बरं का बाळे." त्या दुपारी मी वाचत असताना तू पहिल्यांदाच इंजिनावरून भांडली नाहीस. मला वाटलं, संपलं. वर्षभर ही अशीच बसणार, आणि वर्ष झालं तरी उठून जाणार कुठं, तर चुलीपर्यंत. मला तेव्हा इतकं कोंडल्यासारखं झालं की मी पुस्तक तिथंच टाकून परसात निघून गेले.

पुढं पावसाळ्यात येते तशी डोळ्यांची साथ आली आणि मला धरलं. डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. मथुराकाकू म्हणाल्या, "हिला चावला वाटतं रक्तशोषक." ओल्या फडक्याची घडी डोळ्यांवर ठेवून मी पडून राहिले. आणि पोथी अशा जागी अडली होती, की रूपमतीला त्या श्रीमंत म्हातारीनंच (हो, मथुराकाकूच बरोबर निघाल्या) भट्टीच्या खोलीत कोंडलं आहे, बाहेरून कडी लावली आहे, आणि पितळी हातातली वाफ संपत आली आहे. बाया जमल्या. वाचणार कोण? गल्लीत वाचता येणारी दुसरी बाई नव्हती आणि पुरुषाला बोलवावं असं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी नको वाटलं असेल. मग मायच म्हणाली, "सूनबाई, तिथूनच वाच. कोपऱ्यातून. उठू नको."

मी डोळे मिटून ऐकत होते. तुझा आवाज पहिल्या ओळीला चिरकला, मग लागला. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं वाचायचीस तू. मी नुसती वाचत होते, तू तिथं होतीस. वाफ सुटली की तू फिस्स करायचीस. बॉयलरचा काटा लाल रेघेवर गेला की तुझा आवाज घट्ट व्हायचा, कारण त्या काट्याचा अर्थ आमच्यात तुलाच ठाऊक. पूर्णेला लहानपणी वडिलांचा डबा घेऊन गेल्यावर पाहिलेला काटा होता तो. कोंडलेल्या बाईचं तुला वेगळं काही सांगावं लागत नव्हतं. त्या खोलीत हवा किती कमी होती, लोखंड किती तापलं होतं, हे तू इतकं बारीक वाचलंस की एक बाई रडायला लागली. पुस्तकात ते तेवढं नव्हतं. मी ते पुस्तक परभणीत आधी दोनदा वाचलेलं होतं, वहिनी. मला कळत होतं की तू पानावरचं सोडून वाचायला लागली आहेस.

पोथी वाचून झाली की आधी पोथीला नमस्कार करायचा, मग वाचणाऱ्याला. मी वाचायचे तेव्हा मथुराकाकूंसारख्या म्हाताऱ्याही माझ्या पायाला हात लावायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तू वाचलंस त्या दिवशी सगळ्यांनी पोथीला हात जोडले आणि उठल्या. तुझ्यापर्यंत कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला दिसत नव्हतं, पण पावलं ऐकू येत होती, पाटापर्यंत यायची आणि माघारी फिरायची.

समाप्तीच्या दिवशी नारळ आला, खडीसाखर आली. श्रावणाचे थोडेच दिवस उरले होते. पुस्तकात शेवटी एक सरदार येऊन लिझाची सुटका करतो आणि दोघांचं लग्न होतं. तू सरदाराला येऊच दिलं नाहीस. तुझ्या रूपमतीनं उरलीसुरली वाफ एकदम सोडली, कडी तोडली, म्हातारीला भट्टीत लोटलं, आणि विमान स्वतः खाली उतरवलं. कुठं, तर नदीकाठी. "कारण इंजिनाला पाणी लागतं," असं तू पोथीच्या सुरात ठणकावून वाचलंस, आणि मला फडक्याखाली हसू आवरेना. मला वाटलं, झालं, संपली.

तू थांबली नाहीस. सूर बदललास. पोथीला शेवटी फळ असतं, वाचणाऱ्याला काय मिळेल, ऐकणाऱ्याला काय मिळेल. तू पान उलटलंस. तिथं दुकानाचा शिक्का सोडून काही नव्हतं, हे त्या घरात तुला आणि मलाच ठाऊक. आणि तू म्हणालीस:

"ज्या घरी सून कोपरा धरोनी । तियेस उठवील जी जननी । तिचे दारी मरण फिरोनी । येणार नाही ॥"

माझं हसू गेलं. तू पुढं म्हणालीस, सावकाश, एकेक शब्द सुटा:

"आणि जी ठेवील कोंडोनी । म्हणेल, रीत आहे जुनी । रक्तशोषक तीच जाणोनी । सावध व्हावे ॥"

कणगीतून ज्वारी जरा सरकल्याचा आवाज आला तेवढा. मला डोळे उघडायचे होते आणि ते उघडत नव्हते, नुसतं पाणी गळत होतं. मग माय उठल्याचं कळलं. ती मला ओलांडून गेली, तिच्या लुगड्याचा काठ माझ्या हाताला लागला. पाटापाशी थांबली नाही. पुढं गेली. तिच्या बांगड्या जमिनीजवळ वाजल्या, तिथं, तुझ्या पायांशी. आणि ती म्हणाली, "ऊठ."

दोन दिवसांनी अण्णांनी गाडी जुंपली. माय दारात आली नाही. पण शिदोरी तिनंच बांधली होती, नारळाचा अर्धा तुकडा आत घालून. तू गाडीत चढताना मला सगळ्यांदेखत "येते वन्सं" म्हणालीस, आणि कानाशी येऊन म्हणालीस, "सुमे, पुस्तक दुकानात परत दे. कुनाला दाखवू नको." मला तू गेल्याचा आनंद झाला, आणि त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघून इतका राग आला तुझा, की काय सांगू. तुझं विमान उतरलं होतं, मी वरच राहिले होते. कॉलेज परत सुरू झालं तेव्हा मला पाठवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात जिंतूरला दिलं.

तू शिकलीस, नर्स झालीस, शेवटची कितीतरी वर्षं येलदरीच्या दवाखान्यात राहिलीस. धरणाची भिंत तुझ्या खिडकीतून दिसायची. जिंतूरला बाजारच्या दिवशी यायचीस, माझ्या मुलांची नखं तपासायचीस, त्यांना जंताचं औषध पाजायचीस, आणि सासूबाई आत गेल्या की आपलं भांडण सुरू. मायला माहीत होतं की नव्हतं?

तू म्हणायचीस, माहीत होतं. "मी तोंड बघितलं की त्यांचं. तू तर आंधळी पडली होतीस. आत्याबाईनं पानाकडं बघितलं, मग माझ्याकडं. कोरं पान आन छापील पान, एवढं तर न शिकलेल्या मानसालाबी कळतंय." मी म्हणायचे, मी माझ्या मायला ओळखते. तिनं ती पोथी खरी मानली, म्हणून ती भ्याली, म्हणून तिनं तुला उठवलं. पुढचं वर्षभर ती मरणाची वाट बघत बसली होती, कुणाला नुसतं पडसं झालं तरी तिचा जीव खाली-वर व्हायचा, हे मी पाहिलेलं आहे. जाणूनबुजून कुणी एवढी भीती अंगावर घेतं का? तू म्हणायचीस, "तेच तर." मी म्हणायचे, काय तेच तर? तू चहा पीत राहायचीस. मायला सरळ विचारायची आपल्या दोघींचीही छाती झाली नाही, आणि एक दिवस विचारायला माय उरली नाही.

नांदेडला तुझ्या खाटेला कठडे लावले होते. तू म्हणालीस, "परत बसवलं बग मला कोपऱ्यात." सगळी हयात तू दुसऱ्यांना खाटेवरून उठवलंस. मी तुला ती गोष्ट सांगायला लागले, पहिल्यापासून, आठवेल तशी, आणि तू मध्ये मध्ये मला दुरुस्त करत होतीस. म्हातारी पंगतीला बसली तिथपर्यंत आलो आणि तुला झोप लागली. मला वाटलं उद्या पुढचं सांगू.

तेराव्याला मी पूर्णेला गेले, तुझ्या भावाकडं. जेवणं झाल्यावर एक बाई माझ्यापाशी येऊन बसली. तुझ्या-माझ्यापेक्षा बरीच लहान, कपाळ रिकामं, हातात पिशवी. मी तिला ओळखलं नाही. चुडाव्याची, म्हणाली. चुडावा म्हणजे मायचं माहेर, तिथल्या गल्लीतली. मला वाटलं तू कधी तिला औषध दिलं असशील.

"न्हाई," ती म्हणाली. "मी बाईला कधी बघितलं न्हाई. नुसतं ऐकून हाय. तुमच्या माय आमच्याकडं आल्या व्हत्या. मालक गेले तवा मी कोपऱ्यात व्हते. वर्षाची रीत आमच्यातबी. तुमच्या माय भावाकडं आल्या आन तिथून आमच्या घरी. लाल फडक्यात पोथी बांधून आनली व्हती. माझ्या सासूला म्हनल्या, लय जागृत पोथी हाय, माझ्या सुनेनं वाचलेली. तीन दिस वाचली त्यांनी. लोखंडाचं इमान, पितळी हाताची रूपमती."

मी विचारलं, "कोणी वाचली?"

"त्यांनीच की. पानं उलटत. शेवटचं फळ तर अजून पाठ हाय मला." आणि तिनं ते म्हणून दाखवलं. दोन्ही ओव्या, वहिनी, तुझ्याच शब्दांत, एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. मग ती म्हणाली, "एक सांगू का? त्या वाचताना पानाकडं बघतच नव्हत्या. सगळा वेळ माझ्याकडं बघत व्हत्या. सासूनं मला त्याच दिशी उठवलं. आता मी साळंत खिचडी करती, दोन्ही पोरं शिकायलीत. म्हनलं, ज्या बाईची पोथी, तिच्या तेराव्याला तरी जावं."

पुस्तक तर मी मावशीकडचं सामान आणायला परभणीला गेले तेव्हाच दुकानात देऊन आले होते. मायनं त्या लाल फडक्यात काय बांधून नेलं होतं, मी विचारलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, हेही त्या बाईला सांगितलं नाही. मी तिचा हात धरून बसून राहिले, आणि तुझ्यासाठी इतके दिवस न आलेलं रडू मला तिथं, त्या परक्या बाईच्या खांद्यावर आलं.

पोथी खरी मानणाऱ्या बाईनं ती वाचल्याचं सोंग केलं नसतं. मायला माहीत होतं, वहिनी. तू जिंकलीस. तू समोर असतीस तर गालात हसली असतीस आणि चहा मागितला असतास. एवढी वर्षं मी तुझ्याशी जिंकण्यासाठी भांडले. आज मला तुझ्याशी हरायचं आहे, आणि तू नाहीस.